तुळसाबाईची जबानी

मु. बाभुळगाव, जि. यवतमाळ
बुधवार, ता. ४ मार्च १९६४

चि. उकंडराव यांस पंजाबरावचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच खिशात घालशील, मग कोर्टाच्या मधल्या सुटीत चहाबरोबर उघडशील आणि पहिल्या दोन ओळी वाचून परत खिशात टाकशील, असं मी धरून चाललो आहे. म्हणून आधीच सांगतो की मजकूर भांडणाचा नाही, कायद्याचा आहे. तू नागपूरच्या कोर्टात नकला काढतोस, त्यामुळे आपल्या नात्यात कायद्याच्या सगळ्यात जवळ तुझीच खुर्ची आहे. सौ. इंदूबाईचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझ्या सकाळच्या शिंका थांबल्या का? (तुझी ताई, आमची तुळसाबाई, म्हणायची, उकंडा शिंकला की आमच्या घरात घड्याळ लावायचे.) माझी प्रकृती ठीक आहे. ठीक नाही असं लिहिणार होतो, पण मग कोणीतरी डॉक्टरी दाखला मागेल अशी भीती वाटली. हल्ली मी जे लिहितो त्याला पुरावा मागतात.

तुला आमची मोटार माहीत आहे, तरी मोटारीपासून सुरुवात करतो. एकतीस वर्षं कापसाच्या जिनात फिटरकी करून मी रिटायर झालो तेव्हा शेठ नवी गाडी घेत होते. त्यांची जुनी काळी ऑस्टिन कोणी घेईना, कारण तिचं इंजिन समजणारा जिल्ह्यात एकच माणूस होता आणि तो मी होतो. तुझी ताई म्हणाली घेऊन टाका, जन्मभर दुसऱ्याच्या मशिनी गरम केल्या, आता एक आपली करा. भोंगा पहिल्याच महिन्यात बिघडला. मी तो दुरुस्त केला नाही, कारण गरजच पडली नाही. ती डाव्या सीटवर बसायची, खिडकीतून हात बाहेर काढायची आणि म्हणायची, 'ए बाप्पा, सरक बाजूले.' भोंग्याने जनावरं बिचकतात, तिच्या आवाजाने सरकायची. पुढं बैल हाये, पुढं लेकरं हायेत, पुढं काही नाही पन हळू चालवा, असं ती सांगत राहायची आणि मी चालवत राहायचो. केळापूरच्या देवीला आम्ही दोनदा जाऊन आलो, राजूरला तिच्या मावसबहिणीकडे एकदा. गाडी आमच्याकडे आल्यावर ती चौदा-पंधरा महिनेच होती.

ती गेल्यावर मी गाडी विकणार असं गावाने ठरवलं होतं. दोन गिऱ्हाइकं तर दिवसावर जेवायला येऊनच गाडीभोवती फिरून गेली. मी विकली नाही. गाडीत मी तिच्याशी बोलतो. हे तुला लिहायला आता लाज वाटत नाही, कारण ते पोलिसांच्या कागदावर चढलं आहे. घरात मी बोलत नाही. घरात बोललं की शेजारच्या रुखमाबाईला भिंतीपलीकडून ऐकू जातं आणि ती वाटीत काहीतरी घेऊन येते, माझ्याकडे एकदा पाहते आणि वाटी ठेवून निघून जाते. मोटारीच्या काचा वर केल्या की वाटीचा प्रश्न येत नाही.

तर गुरुवार, ता. १२ डिसेंबर. सकाळी दहाच्या सुमारास मी यवतमाळला निघालो. काम काही नव्हतं. (विमा कंपनीच्या फारमात 'खासगी काम' असं लिहिलं आहे.) गावाबाहेर पडलो तशी मागच्या दाराच्या कडीवरून वाद सुरू झाला. तिचं म्हणणं कडी लागली नाही, माझं म्हणणं लागली. हा वाद आमच्यात अठ्ठावीस वर्षं चालू आहे आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघालेलं आहे, त्यामुळे ती काही बोलली नाही तरी तिची बाजू मला पाठ आहे. एका वळणावर मी तिच्याकडे तोंड करून निक्षून सांगितलं की लावली म्हणतो ना. तोंड परत सरळ केलं तेव्हा समोर रस्ता नव्हता. समोर सगळा कापूस होता.

उकंडराव, जिनात मी जन्मभर कापूस पाहिला, पण कापसाने मला तोंडावर घेतल्याची ही पहिलीच वेळ. ऑस्टिनचं नाक पार काचेपर्यंत आत शिरलं. फारसा आवाजही झाला नाही, कोणी उशीवर डोकं टेकावं तसा. पण कापसाखाली बैलगाडीचा आख मोडला, बैल सुटून कोणाच्या तरी तुरीत जाऊन चरायला लागले आणि कापसावर बसलेला माणूस रस्त्यावर पडला. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा भावसिंग. त्याच्या आजाच्या वेळेस त्यांचे बैल मिठाची पोती वाहत कुठल्याकुठं जायचे, आता तो आपल्या आठ एकरांत कापूस घेतो. त्या दिवशी वर्षाचा पहिला कापूस बाजारात नेत होता. त्याचा उजवा खांदा उखडला.

आता यात कायदा कुठून आला ते सांगतो. शेठच्या मुनीमाने गाडी माझ्या नावावर करताना तीनदा बजावून सांगितलं होतं की पंजाबराव, कधी टक्कर झालीच तर तोंड उघडायचं नाही. चूक माझी म्हणायचं नाही, तुमची म्हणायचं नाही, माफी मागायची नाही, कोणाला वचन द्यायचं नाही. विम्याच्या कागदामागे बारीक इंग्रजीत हेच छापलेलं आहे म्हणे. माणूस एक शब्द बोलला की कंपनी हात झटकते. मी मशीनवाला माणूस, छापील सूचना पाळायची सवय. त्यामुळे मी गाडीतून उतरलो, कापूस झटकला आणि तोंड मिटून उभा राहिलो.

भावसिंग रस्त्यावर पडल्या पडल्याच मला म्हणाला, 'मालक, तुमाले लागलं का?' मी बोललो नाही. तो कसाबसा उठून बसला, खांदा धरून गाडीकडे पाहायला लागला आणि म्हणाला, 'बाईले लागलं का?'

मी तेव्हाही बोललो नाही, पण त्याला मुनीम कारण नव्हता. चौदा महिन्यांत तिची चौकशी करणारा तो पहिलाच माणूस होता. सांत्वन करणारे पुष्कळ आले, पण ती कशी आहे असं कोणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं.

पंचनाम्याला हवालदार आला तो नुकताच दारव्ह्याहून बदलून आलेला, गावात कोण आहे आणि कोण नाही हे त्याला माहीत नव्हतं. भावसिंगने सांगितलं, 'बैलाले वाट मालूम हाये, म्हनून मी कापसावर बसून मांगं पाहून राह्यलो होतो. मोटारवाले बाईसंग बोलत होते. वळनावर त्यायनं तिच्याकडं पाह्यलं.' हवालदाराने विचारलं की बाई पाहिली का. तो म्हणाला, 'काच चमके, बाई नाही दिसली. पन एकटा मानूस असा हात हालवून भांडते काय?' हवालदाराला ते पटलं. मग त्याने मला विचारलं बाई कुठे आहे. मी मुनीमाची आठवण ठेवून गप्प. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि लिहिलं, 'गाडीत एक स्त्री होती. सदर स्त्री घाबरून घरी निघून गेली असावी.' हे वाक्य मी सही करताना वाचलं. वाचून मला बरं वाटलं हे कबूल करतो.

पुढे कंपनीचा फारम आला. तो मी एका बैठकीत भरला. नाव, गाव, इंजिनाचा नंबर, रस्त्याचा नकाशा (नकाशा सुरेख आला आहे, तुरीत गेलेले बैलसुद्धा दाखवले आहेत). अकरावा रकाना होता, 'गाडीत सोबत असणाऱ्यांची नावे'. शिरगणतीचा कागद असो, मतदारयादी असो की रेशनकार्ड, माझ्या नावाखाली तिचं नाव मीच लिहीत आलो. हात लिहिता झाला की तो पुढची ओळ आपणच लिहितो. तुळसाबाई, वय सत्तेचाळीस, नाते पत्नी. फारम रजिस्टर डाकेने गेला आणि घरी आल्यावर मला आठवलं की मी काय लिहिलं.

मी यवतमाळला वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले गप्प बसा, असली फारमं कोण वाचतो. आता गप्प बसण्याचे दोन सल्ले झाले होते. तिकडे भावसिंगच्या मेहुण्याने त्याला तोच सल्ला दिलेला. मोटारवाल्याशी टकरीबद्दल बोलू नको, दाव्यात फसशील. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. भावसिंग दर गुरुवारी खांदा दाखवायला इथल्या दवाखान्यात यायचा, आणि परतीची गाडी मिळेपर्यंत बसायला त्याला गावात ओळखीचं दुसरं घर नव्हतं. तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मी आतून येऊन दुसऱ्या टोकाला बसायचो. त्याचा हात गळ्यात बांधलेला, माझ्या नाकावर काचेचा ओरखडा, आणि टक्कर हा विषय दोघांनाही बंद. मग आम्ही बाकी सगळं बोललो. सरकीचं तेल, बैलाचे खूर, त्याच्या आजाने पाहिलेले मुलूख, जिनातला पट्टा तुटला तेव्हा मी काय केलं. एकदा पाऊण तास आम्ही तुरीवर बोललो. उकंडराव, मी हिशेब केला (दिवस मोजले, दुसरं काही नाही), तुझ्या ताईबरोबरच्या शेवटच्या दसऱ्यानंतर पाऊण तास सलग मी कोणाशी बोललो नव्हतो.

पहिल्या दोन गुरुवारी त्याच्या बायकोने, मानीबाईने, दोघांपुरत्या भाकरी आणि अंबाडीची भाजी बांधून पाठवली. एक मोटारवाल्याला, एक त्याच्या बाईला. तिसऱ्या गुरुवारी एकाच माणसापुरतं आलं. त्यावरून मी समजलो की त्याला कुठूनतरी समजलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. तो विषय टकरीत मोडत होता.

पण फारम वाचणारा माणूस कंपनीत निघाला. जानेवारीत पत्र आलं, श्रीमती तुळसाबाई यांची जबानी त्यांच्या सहीने अगर अंगठ्याने पाठवावी. मी उत्तर दिलं, त्या सध्या येथे नाहीत. (हे खरं आहे.) कंपनीने लिहिलं, त्या कोठे आहेत व केव्हा परत येतील. मी लिहिलं, सांगता येत नाही. (हेही खरं आहे.) कंपनीने लिहिलं, त्यांचा सध्याचा पत्ता कळवावा. याला उत्तर लिहायला मी तीन दिवस बसलो होतो. चौथ्या दिवशी कंपनीचंच पुढचं पत्र आलं आणि ते सरळ नव्हतं. सोबतची स्त्री लपवली जात आहे, ती उद्या स्वतःच्या दुखापतीचा वेगळा दावा लावील, आणि माहिती दडवली असं ठरलं तर भावसिंग यांच्या भरपाईची जबाबदारी कंपनी घेणार नाही, अशा अर्थाचा मजकूर. पत्र इंग्रजीत होतं, ते शाळेच्या हेडमास्तरांनी मराठीत वाचून दाखवलं आणि चष्मा काढून ठेवला.

हे मात्र मला लागलं. मला खोटा म्हणा, माझी गाडी भंगारात काढा. पण तो माणूस उजवा हात डोक्यापर्यंत नेऊ शकत नव्हता. डॉक्टर म्हणत होते की यंदा वखर धरता येणार नाही. मानीबाई मजूर लावून शेत करणार होती आणि ती कंपनीच्या पैशावर विसंबून होती. मी एक ओळ चुकून लिहिली आणि तिची झळ दुसऱ्याच्या घराला बसली.

१३ फेब्रुवारीला, गुरुवारीच, कंपनीचे इन्स्पेक्टर आले. लाभसेटवार म्हणून, चांदा भागातले, पन्नाशीचे, अंगाने जाड, एस.टी.च्या धुळीने भरलेले. ओट्यावर भावसिंग बसलेलाच होता. इन्स्पेक्टरांनी आतल्या बाजूला पाहून विचारलं, बाईसाहेब आल्या का? मी म्हटलं नाही. ते म्हणाले ठीक आहे, थांबतो. आणि थांबले. पाणी पिऊन झालं, चहा पिऊन झाला, तरी थांबले. आम्ही तिघं एका ओळीत बसून माझ्या बायकोची वाट पाहत होतो. रस्त्याने जाणारे लोक रामराम करत होते.

तासाभराने ते भावसिंगकडे वळले. पंचनाम्यात तुम्ही बाईचा उल्लेख केला आहे, पण पाहिली नाही म्हणता. नक्की काय? मला वाटलं तो म्हणेल की मी पाहिली नाही, चूक झाली, आणि सुटेल. त्याचं त्यातच हित होतं. पण त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'पाह्यली न साहेब. कायले नाही पाह्यली? याडी बसून होती पुढं.' इन्स्पेक्टर म्हणाले, याडी म्हणजे? तो म्हणाला, 'आमच्या बोलीत मायले याडी म्हनते. वयाची होती. सावळी, डोक्यावर पदर, हिरवं लुगडं. मालकाले सांगून राह्यली होती का हळू चालवा.'

तो खोटं बोलत होता. मला खोटा ठरू देऊ नये म्हणून, स्वतःच्या दाव्याचं काय होईल याचा विचार न करता, तो न पाहिलेल्या बाईची शपथ घ्यायला निघाला होता. मला ते कळत होतं. तरी मी ऐकत राहिलो, कारण तो तिच्याबद्दल बोलत होता. आणि मग मी अशी गोष्ट बोललो की वकीलसाहेबांना ती अजून सांगितलेली नाही. मी म्हटलं, हिरवं नाही. हिरवा रंग तिला आवडत नसे.

इन्स्पेक्टरांनी लगेच पेन उचललं. मग त्या दिवशी बाई कोणतं लुगडं नेसल्या होत्या?

मी म्हटलं, त्या दिवशी साहेब तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

भावसिंगने मान खाली घातली. इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण बसवलं, काढलं, परत बसवलं. मग मी सगळं सांगून टाकलं. मुनीम, वकील आणि बारीक इंग्रजी एका बाजूला ठेवून. अकरावा रकाना कसा भरला, कडीचा वाद कसा झाला, वळणावर मी रिकाम्या सीटकडे पाहत होतो, समोर गाडी होती आणि भावसिंगची काडीचीही चूक नव्हती. चूक माझी. हे दोन शब्द मी दोन महिने तोंडात धरून बसलो होतो. बाहेर काढल्यावर काही विशेष झालं नाही, फक्त भावसिंग म्हणाला, 'माहीत हाये मालक.'

इन्स्पेक्टरांनी विचारलं, कडी लागली होती का? मी म्हटलं, नव्हती. घरी आलो तेव्हा मागचं दार सताड उघडं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, सोबत कोणी नव्हते, नाव चुकून पडले, चालकाचे लक्ष क्षणभर विचलित झाले, एवढंच लिहितो. आपण कोणाशी बोलत होता याला आमच्या फारमात रकाना नाही. भावसिंगचा दावा कंपनी आपसात मिटवील अशी त्यांनी खात्री दिली, पण वरच्या ऑफिसचा संशय जायला दोन गोष्टी पाहिजेत. माझा दुरुस्तीचा अर्ज, आणि बाईंच्या मृत्यूचा दाखला, तारखेसकट. जाताना त्यांनी ऑस्टिनभोवती एक चक्कर मारली आणि भोंगा दुरुस्त करून घ्या असं सांगितलं. वकीलसाहेबांना मी कबुलीची बातमी दिली तेव्हा त्यांनी माझे कागद बांधून माझ्याच हातात दिले.

तेव्हा तुला विचारायचं एवढंच की अशा अर्जाला स्टँप किती लागतो, तो यवतमाळला द्यावा की नागपूरला, आणि चूक कबूल केल्यामुळे माझं लायसन जाईल काय. एक कार्ड टाकलंस तरी पुरे. लांब लिहायची गरज नाही. सौ. इंदूबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा
पंजाबराव

ता.क. स्टँपचं इन्स्पेक्टरांनीच सांगितलं होतं, ते वर लिहायचं राहून गेलं. मला खरं हवं होतं ते दाखल्याचं. तुझी ताई नागपूरच्या दवाखान्यात गेली, नोंद तिथलीच आणि खबर देणारा म्हणून सही तुझी. सतरा महिने मी तो कागद काढायला गेलो नाही. तुला कारण माहीत आहे. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले घरी न्या, ती म्हणाली एस.टी.चे धक्के नको, आपल्या गाडीतून न्याल तर येते. मी दुपारच्या एस.टी.ने गाडी आणायला बाभुळगावला आलो, सकाळी सहाला निघालो, आणि देवळीच्या अलीकडे इंजिनातला पेट्रोलचा पंप बसला. जिल्ह्यातला एकटा माणूस, ज्याला ते इंजिन समजतं, तो सहा तास गाडीखाली पडून होता. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वॉर्डातली बाई म्हणाली, दुपारी गेली. तू घाटावरून ओल्या कपड्याने परत आलास आणि मी चार लोकांत तुला नाही नाही ते बोललो. थांबला का नाहीस म्हटलं. तू काहीच बोलला नाहीस. तेराव्याला आलास आणि न जेवता गेलास.

ता.क. २. वरचा ताजा कलमही पूर्ण खरा नाही. दाखला मागण्याची गरज राहिलेली नाही. लाभसेटवार साहेबांचं ऑफिस नागपुरातच आहे. त्यांनी स्वतः दवाखान्यात जाऊन नक्कल काढली आणि एक प्रत मला पाठवली. ती हे पत्र लिहायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी आली. त्यात वेळ दिली आहे, पहाटे चार वाजून वीस मिनिटे. मी चार वेळा वाचली, मग हेडमास्तरांकडून वाचून घेतली. म्हणजे मी बाभुळगावहून निघालो तेव्हाच ती गेलेली होती. वॉर्डातली बाई दुपारी गेली म्हणाली ते तुम्ही तिला बाहेर नेलं त्याबद्दल. सतरा महिने मी इंजिनातल्या त्या पंपाला आणि तुला धरून बसलो होतो. तू पहाटेपासून दुपार टळेपर्यंत तिला घेऊन माझी वाट पाहिलीस आणि त्यावर मी थांबला का नाहीस असं विचारलं. तू तेव्हाच वेळ का सांगितली नाहीस हे मी विचारणार नाही. तिथे सांगितली असतीस तरी मी ऐकली नसती.

ता.क. ३. पाडव्याची सुटी तुझ्या कोर्टाला असेलच. सकाळी निघालास तर तिसऱ्या प्रहरापर्यंत यवतमाळला येतोस, मी स्टँडवर असेन. स्वयंपाक रुखमाबाई करून देते म्हणाली आहे, मानीबाईही काही पाठवील, म्हणजे या वेळी जेवून जाशील. सौ. इंदूबाईंना गुडघ्यामुळे जमत नसेल तर एकटाच ये. तू आला नाहीस तर मी समजेन की सुटी मिळाली नाही. दुसरं काही समजणार नाही.